इंग्लंडच्या खेड्यातलं मध्ययुगीन चर्च कसं वाचायचं

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या चर्चच्या दाराशी बहुधा एक पाटी असते: 'तेराव्या शतकातलं चर्च'. नवखा माणूस ती वाचून आत जातो, अख्खी इमारत तेराव्या शतकातली समजतो, आणि मग समोरच्या निम्म्या गोष्टींचा मेळच लागत नाही. कारण अशा चर्चला एक वय नसतं. टॉवर एका शतकातला, खांब दुसऱ्या, छप्पर तिसऱ्या, आणि पायाखालची फरशी बहुतेक वेळा राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. म्हणून 'हे चर्च कधीचं?' असं विचारण्याऐवजी 'यातलं आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं?' असं विचारायची सवय लावून घ्या. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नासाठी आहेत.

एका चर्चला दोन-तीन तास द्या. एका दिवसात पाच चर्च उरकायला गेलात तर पाचही एकसारखी वाटतात.

सोबत काय हवं

- छोटी दुर्बीण. छपराच्या तुळया, खिडक्यांचे शेंडे आणि टॉवरवरचं कोरीव काम डोळ्यांनी नीट दिसत नाही.
- चांगला टॉर्च. तो भिंतीवर समोरून मारायचा नाही. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने मारायचा. कोरलेल्या बारीक रेघा तेव्हाच उठून दिसतात.
- पाच मीटरची मोजपट्टी.
- चौकटींचा कागद, पेन्सिल आणि पाच-सहा रंगीत पेन्सिली.
- होकायंत्र किंवा फोनमधलं तसलं अॅप.
- जाड मोजे आणि स्वेटर, जून महिन्यातसुद्धा. दगडी भिंतींच्या आत बाहेरच्यापेक्षा गार असतं.

१. जाण्याआधी

चर्च उघडं असेल का हे आधी पाहा. पुष्कळ चर्च दिवसभर उघडी असतात, पण काहींची किल्ली गावातल्या एखाद्या घरी असते आणि तो पत्ता पोर्चमधल्या सूचनाफलकावर लावलेला असतो. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना पाहणी करायला जाऊ नका. वापरातून गेलेली साडेतीनशेहून जास्त चर्च 'चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट' सांभाळतो. तिथे निवांत बसून आराखडा काढता येतो, म्हणून पहिल्या सरावाला ती बरी.

'हिस्टॉरिक इंग्लंड'च्या संकेतस्थळावर वारसा इमारतींची राष्ट्रीय यादी फुकट पाहता येते. त्यातली चर्चची नोंद छापून घ्या, पण पिशवीतच ठेवा. आधी स्वतः पाहायचं, मग नोंद वाचायची. उलट केलंत तर डोळे फक्त नोंदीत लिहिलेलंच शोधत राहतात. जुन्या नोंदी कधी कधी चार-पाच ओळींच्याच असतात, हेही लक्षात असू द्या.

२. दिशा पकडा

वेदी पूर्वेला असते. हे एकदा पक्कं केलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. पूर्वेकडचा छोटा भाग म्हणजे चॅन्सल, आपल्या देवळातल्या गाभाऱ्यासारखा. त्याच्या पश्चिमेला लोकांनी उभं राहायची मोठी जागा म्हणजे नेव्ह, म्हणजे आपला सभामंडप. नेव्हच्या दोन्ही बाजूंच्या पडव्या म्हणजे आइल. टॉवर बहुधा पश्चिम टोकाला, आणि जाण्यायेण्याचं दार बहुधा दक्षिणेला, पोर्चमधून. आपल्या पूर्वाभिमुख देवळात सकाळचं ऊन दारातून मूर्तीवर येतं. इथे ते वेदीमागच्या मोठ्या खिडकीतून आत येतं आणि लोकांच्या तोंडावर पडतं.

चॅन्सल आणि नेव्ह यांच्या खर्चाची जबाबदारी वेगवेगळ्या लोकांवर होती, आणि नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. चॅन्सलची डागडुजी रेक्टरची, म्हणजे गावाच्या उत्पन्नाचा दशांश घेणाऱ्याची; नेव्हची गावकऱ्यांची. अनेक गावांत हा दशांश दूरच्या एखाद्या मठाकडे जाई, आणि मठाला त्या गावात पैसा घालायची हौस नसे. म्हणून लोकरीच्या पैशातून उभा राहिलेला उंच, लख्ख नेव्ह आणि त्याला चिकटलेलं ठेंगणं, दोनशे वर्षं जुनं चॅन्सल अशी जोडी वारंवार दिसते. ही जबाबदारी जमिनीबरोबर हस्तांतरित होत गेली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या चॅन्सलच्या खर्चाचा वाद २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि जमीनमालकांच्या विरुद्ध निकाल लागला. इंग्लंडमध्ये घर घेताना वकील 'चॅन्सल रिपेअर'ची चौकशी का करतो, त्याचं मूळ या मध्ययुगीन वाटणीत आहे.

३. आधी बाहेरून पूर्ण फेरी

दार दिसलं की आत शिरायचा मोह होतो. तो आवरा. भिंतीचा खरा इतिहास बाहेरून दिसतो, कारण आत गिलावा असतो.

दगड कुठला आहे ते पाहा. कॉट्सवोल्डमध्ये मधाच्या रंगाचा चुनखडक, नॉर्थम्पटनशरमध्ये तांबूस लोहदगड, नॉरफोक-सफकमध्ये फ्लिंट, म्हणजे गारगोटीसारखा कठीण काळा-करडा दगड. फ्लिंटचे कोपरे घडवता येत नाहीत. त्यासाठी ताशीव दगड दुरून आणावा लागे. नॉरफोकमध्ये शंभरावर चर्चना गोल टॉवर आहेत, त्यामागचं एक कारण हेच सांगतात. गोलाला कोपरा नसतो.

मग कोपऱ्याचे चिरे पाहा. एक चिरा उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा अशी रचना असेल तर तो भाग १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांच्या स्वारीच्या आधीचा, सॅक्सन धाटणीचा असण्याची दाट शक्यता असते. नॉर्थम्पटनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा टॉवर याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. त्याच्या भिंतीवर दगडी पट्ट्या लाकडी चौकटीसारख्या उभ्या-तिरक्या लावल्या आहेत, आणि काही झरोक्यांचे माथे कमानीऐवजी त्रिकोणी आहेत. भिंतीत पातळ, तांबड्या विटा दिसल्या तर त्या रोमन असू शकतात. ब्रिक्सवर्थच्या सॅक्सन चर्चच्या कमानी अशाच जुन्या रोमन विटांनी बांधल्या आहेत. डरहॅम परगण्यातल्या एस्कमचं सातव्या शतकातलं चर्च तर रोमन दगडांतूनच उभं राहिलं, आणि त्याच्या उत्तरेच्या भिंतीत रोमन सहाव्या सैन्यदलाचं नाव असलेला दगड उलटा बसवलेला आहे. बांधणाऱ्यांना अक्षरांशी कर्तव्य नव्हतं, चिरा हवा होता.

इथली चूक: माशाच्या काट्यासारखे तिरपे रचलेले दगड दिसले की लोक लगेच 'सॅक्सन' म्हणून मोकळे होतात. तसं काम नॉर्मन गवंड्यांनीही भरपूर केलं आहे. त्या एका खुणेवर तारीख लावू नका.

फेरी मारताना आणखी तीन गोष्टी टिपा. एक, बुजवलेली दारं-खिडक्या. उत्तरेचं दार बहुधा बुजवलेलं सापडतं. दोन, टॉवरच्या पूर्वेच्या अंगावर उलट्या व्ही आकाराची दगडी कड दिसते का. तिथे पूर्वीचं उतरतं छप्पर टेकत होतं. आजचं छप्पर त्याच्या वर किंवा खाली असेल तर नेव्हची उंची बदलली. तीन, दक्षिणेच्या दाराजवळ एका भोकातून पंख्यासारख्या निघालेल्या बारीक रेघा. भोकात काडी बसवून तिच्या सावलीवरून प्रार्थनेची वेळ ठरवत.

चर्च जमिनीत खचल्यासारखं वाटलं तर बहुतेक वेळा चर्च खचलेलं नसतं. शतकानुशतकांच्या दफनांनी भोवतालची जमीन वर आलेली असते.

४. खिडक्यांवरून काळ ओळखा

इंग्लिश मध्ययुगीन शैलींची आज रूढ असलेली नावं वास्तुरचनाकार टॉमस रिकमन यांनी १८१७ च्या सुमारास ठरवली. चार नावं पाठ केली की पुरे, पण त्यांच्या सीमा वीस-तीस वर्षं मागेपुढे धरा. लंडनजवळ आलेली फॅशन दूरच्या खेड्यात उशिराच पोचायची.

नॉर्मन, १०६६ ते साधारण ११९०: छोट्या खिडक्या, अर्धगोल कमानी, जाड खांब, कमानीवर करवतीच्या दातांसारखी नक्षी. दाराच्या माथ्यावरच्या अर्धवर्तुळात कोरीव काम. हेरफर्डशरमधलं किलपेक, साधारण ११४० चं, एकदा तरी पाहावंच. छपराच्या कडेखाली ओळीने ऐंशीहून जास्त कोरीव मुंडकी, प्राणी आणि राक्षस आहेत, आणि नऊशे वर्षांनंतरही त्यांची धार टिकून आहे.

अर्ली इंग्लिश, साधारण ११९० ते १२९०: लांबट, अरुंद, टोकदार खिडक्या, त्यांना लँसेट म्हणतात. एकट्या किंवा तीन-तीनच्या गटात. नक्षीत चार पाकळ्यांची, पिरॅमिडसारखी उठलेली छोटी फुलं.

डेकोरेटेड, साधारण १२९० ते १३५०: खिडकी रुंद होते, तिच्यातले उभे दगडी दांडे माथ्याशी जाऊन वळतात आणि एकमेकांत गुंफून जाळी होते. पिंपळपानाच्या टोकासारखं आत-बाहेर वळण दिसलं की या काळाचा विचार करा.

पर्पेंडिक्युलर, साधारण १३५० ते १५४०: दांडे वळत नाहीत, सरळ वर जाऊन कमानीला भिडतात. कमान दाबल्यासारखी बसकी, भिंत कमी आणि काच जास्त. मधल्या भागाच्या वर छोट्या खिडक्यांची रांग, त्यामुळे आत उजेडच उजेड. सफकमधली लॅव्हनम आणि लाँग मेलफर्ड ही कापडाच्या व्यापारावर उभी राहिलेली चर्च या शैलीचा कळस. लॅव्हनमचा टॉवर १४१ फूट आहे, आणि त्यावर सरदार द व्हेअर घराण्याचा तारा व कापडव्यापारी स्प्रिंग घराण्याची मुद्रा दोन्ही कोरली आहेत. लाँग मेलफर्डच्या भिंतींवर तर देणगीदारांची नावं बाहेरून, वाचता येतील अशी बसवली आहेत.

डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलरच्या मध्ये १३४८-४९ ची प्लेगची साथ आहे. अर्धवट थांबलेलं काम, मध्येच बदललेली नक्षी, एका बाजूला आइल आणि दुसऱ्या बाजूला नुसती भिंत असं दिसलं तर हे साल आठवा. मात्र प्रत्येक अपुऱ्या कामाचं खापर प्लेगवर फोडू नका. पैसे संपणं हे कारण नेहमीचंच होतं.

इथला सगळ्यात मोठा सापळा: खिडकीचा काळ हा भिंतीचा काळ नव्हे. जुन्या भिंतीत नवी मोठी खिडकी घालणं हे मध्ययुगातलं सर्रास काम होतं. खिडकीभोवतालचे दगड विस्कटलेले, वेगळ्या आकाराचे असतील तर खिडकी नंतरची. शैलीची नक्कल हा दुसरा सापळा. मुंबईतलं कुलाब्याचं १८५८ चं अफगाण चर्च पाहिलं असेल तर त्याच्या टोकदार लांबट खिडक्या आठवा. शैली तेराव्या शतकातली, बांधकाम एकोणिसाव्या. इंग्लंडमध्येही हेच घडलं, फक्त तिथे नक्कल अस्सलाच्या शेजारीच बसवलेली असते.

५. सांधे शोधा, क्रम लावा

शैली चुकू शकते, सांधा सहसा चुकत नाही. दोन भिंती भेटतात तिथे चिऱ्यांचे थर एकमेकांत गुंतले असतील तर त्या एकत्र बांधल्या. सरळ उभी फट असेल तर एक भिंत दुसरीला नंतर टेकवली. जी भिंत दुसरीला टेकते, तिचं काम झाकते किंवा छेदते, ती नंतरची.

आतल्या कमानींच्या रांगेच्या वर नीट पाहा. तिथे एखाद्या जुन्या छोट्या खिडकीचा अर्धाच भाग उरला असेल आणि खालचा कमानीने खाल्ला असेल, तर ती मूळची बाहेरची भिंत होती. आइल जोडताना गावकऱ्यांनी ती पाडली नाही, खालून फोडून कमानी घातल्या.

भिंतीची जाडी दार-खिडकीपाशी मोजा. साधारण ७५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी जाड आणि बरीच उंच भिंत सॅक्सन असू शकते. नॉर्मन भिंती बहुधा ९० सेंटिमीटरच्या पुढे जातात. हा पुरावा एकटा पुरत नाही, बाकीच्यांच्या जोडीला घ्यायचा.

क्रम कसा दिसतो हे समजायला यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी हे उजाड गाव पाहा. तिथल्या पडक्या सेंट मार्टिन चर्चचं पुरातत्त्वज्ञांनी अनेक वर्षं उत्खनन केलं. आधी छोटी लाकडी वास्तू, मग दगडी चर्च, मग वस्ती वाढली तसे बाजूंना आइल. नंतर गाव आटलं तेव्हा आइल पाडले आणि उघड्या पडलेल्या कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत दिसतात. गाव वाढलं आणि ओसरलं, ते एका भिंतीत वाचता येतं.

६. आत: हरवलेल्या वस्तूंच्या जागा

१५४७ नंतर, सहाव्या एडवर्डच्या काळात, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने चर्चच्या आतलं जग पार बदललं. वेद्या काढल्या, मूर्ती फोडल्या, चित्रांवर चुन्याची सफेदी मारली. म्हणून आत गेल्यावर आता नसलेल्या गोष्टींच्या जागा शोधायच्या.

दक्षिणेच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर, तळाशी भोक असलेला कोनाडा म्हणजे पिसिना. पूजेची भांडी धुतलेलं पाणी त्यातून जमिनीत सोडत. पिसिना आहे तिथे शेजारी वेदी होतीच. आइलच्या टोकाला तो सापडला तर तिथे वेगळं पूजास्थान होतं हे नक्की. चॅन्सलच्या कमानीजवळ, भिंतीत बरंच उंच, कुठेच न जाणारं छोटं दार दिसलं तर तो रूड लॉफ्टचा रस्ता. चॅन्सल आणि नेव्हच्या मध्ये लाकडी जाळी, तिच्यावर सज्जा आणि त्यावर क्रूसावरचा येशू अशी मांडणी असे. १५६१ मध्ये सज्जे पाडायचा आणि खालची जाळी ठेवायचा हुकूम निघाला, त्यामुळे जाळी पुष्कळ ठिकाणी उरली. नॉरफोकच्या रॅनवर्थमध्ये तिच्यावरचे रंगवलेले संत अजून बघायला मिळतात. भिंतीतून तिरपं आरपार गेलेलं भोक म्हणजे बाजूला उभं राहून मुख्य वेदी पाहायची सोय.

बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, म्हणजे फॉन्ट, बहुतेक वेळा इमारतीपेक्षा जुनं असतं. त्याच्या काठावर समोरासमोर दोन तुटके भाग किंवा लोखंडाचे डाग असतील तर तिथे कुलपाची कडी होती. मंतरलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरू नयेत म्हणून १२३६ मध्ये आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना झाकण व कुलूप लावायला सांगितलं होतं.

काच पाहताना सावध राहा. खेड्यातली बहुतेक रंगीत काच एकोणिसाव्या शतकातली आहे. मध्ययुगीन काचेचा पूर्ण संच पाहायचा असेल तर ग्लॉस्टरशरमधलं फेअरफर्ड गाठा. तिथल्या २८ खिडक्यांची काच साधारण १५०० ते १५१७ मधली आहे.

७. भिंतीवरचं आणि ऐकीव

सफेदीखालून चित्रं अजून निघतात. सफकमधल्या वेनहॅस्टन इथे १८९२ मध्ये जुन्या सफेद फळ्या काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि खाली शेवटच्या निवाड्याचं मोठं चित्र निघालं. चित्राला हात लावू नका, फ्लॅश मारू नका.

टॉर्च इथे कामाला येतो. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलच्या टॉवरमध्ये लॅटिनमध्ये कोरलेल्या ओळी आहेत: प्लेगमध्ये वाचलेल्या हवालदिल लोकांबद्दल, आणि जानेवारी १३६२ मधल्या (भिंतीवर जुन्या गणनेप्रमाणे १३६१) भीषण वादळाबद्दल. कुणीतरी टोकदार वस्तूने भिंतीवर ते ओरखडलं आणि ते आजही वाचता येतं. इंग्लंडमध्ये यासाठी मला तरी दुसरी जोड दिसत नाही. अशा रेघांवर कागद ठेवून पेन्सिल घासू नका, फोटो घ्या.

ऐकीव गोष्टी वहीत उतरवण्याआधी तपासा. एका पायावर दुसरा पाय टाकून निजलेल्या सरदाराची मूर्ती म्हणजे तो धर्मयुद्धाला गेला होता, हे खरं नाही. खालच्या बाजूची छोटी खिडकी कुष्ठरोग्यांसाठी होती, यालाही आधार नाही. चॅन्सल जरासं वाकडं असणं म्हणजे क्रूसावरच्या येशूची कललेली मान, हेही तसंच; आखणी चुकली असण्याची शक्यता जास्त. सफकमधल्या ब्लायबरोच्या छतावरच्या लाकडी देवदूतांना १६४४ मध्ये प्युरिटनांनी, म्हणजे मूर्तींना विरोध करणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांनी, गोळ्या घातल्या असं सांगतात, पण तिथले छरे अठराव्या शतकातले निघाले. तेव्हा छपरातले पक्षी मारायला दारूगोळा घेतल्याची नोंद आहे.

८. व्हिक्टोरियन थर बाजूला काढा

१८४० ते १९०० मध्ये बहुतेक चर्चची 'दुरुस्ती' झाली. सगळ्या खिडक्या एकसारख्या, दगडाच्या कडा धारदार, लाल-काळ्या-पिवळ्या फरश्या, पिवळट पाइनची बाकं: हा तोच काळ. आतल्या भिंतीचा उघडा ओबडधोबड दगड पाहून 'किती जुनं' म्हणू नका. मध्ययुगात आत गिलावा आणि रंग होता. तो खरवडून टाकला एकोणिसाव्या शतकाने, आणि त्याबरोबर कितीतरी चित्रं गेली. याच खरवडीच्या विरोधात कवी-कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली.

९. कागदपत्रं

- १०८६ चं डूम्सडे बुक, म्हणजे राजाने करवून घेतलेली गावोगावच्या जमिनींची नोंदवही. गावाच्या नोंदीत पाद्री किंवा चर्च असेल तर उत्तम. नसेल तर चर्च नव्हतं असा अर्थ काढू नका, नोंदी सगळीकडे सारख्या नाहीत.
- १२९१ ची पोपची करनोंद: त्या वेळी चर्चचं उत्पन्न किती होतं.
- पंधराव्या-सोळाव्या शतकातली मृत्युपत्रं. 'टॉवरच्या बांधकामाला इतके पैसे' अशी ओळ सापडली तर त्याहून चांगली तारीख मिळणं कठीण.
- चर्चवॉर्डनचे, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्यांचे, हिशेब, १५५२ च्या वस्तूंच्या याद्या, आणि १५३८ पासूनची बाप्तिस्मा-लग्न-दफनाची रजिस्टरं.
- व्हिक्टोरियन दुरुस्तीची परवानगीपत्रं व नकाशे. यांत पाडण्याआधीचा आराखडा असतो, म्हणून इथूनच सुरुवात करा. बरेचसे परगण्याच्या अभिलेखागारात, काही लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीत.

पक्की तारीख भिंतीवरच मिळणं हे भाग्य क्वचितच. यॉर्कशरच्या कर्कडेल इथल्या छायाघड्याळावर कोरलंय की गॅमलचा मुलगा ऑर्म याने मोडकळीस आलेलं चर्च विकत घेऊन राजा एडवर्ड आणि अर्ल (मोठा सरदार) टॉस्टिग यांच्या दिवसांत नव्याने बांधलं. टॉस्टिग १०५५ ते १०६५ एवढाच अर्ल होता, त्यामुळे दहा वर्षांच्या आत तारीख बसते.

१०. आराखडा रंगवा

चौकटीच्या कागदावर १:१०० प्रमाणात भिंती काढा, म्हणजे एक मीटरला एक सेंटिमीटर. प्रत्येक शैलीला एक रंग, व्हिक्टोरियन कामाला करडा. खात्री नसेल तिथे तुटक रेघ आणि शेजारी कारण: 'सांधा दिसत नाही', 'गिलाव्याखाली'. भिंत एका रंगात आणि तिच्यातली खिडकी दुसऱ्या रंगात काढायला कचरू नका. आता पिशवीतली नोंद बाहेर काढून ताडून पाहा. फरक पडला तर लगेच खोडू नका. आधी त्या भिंतीपाशी परत जा.

निघताना पोर्चमधलं जाळीचं दार नीट लावा. ते उघडं राहिलं तर पाकोळ्या आत शिरतात आणि उजेडाच्या खिडक्यांवर आपटत राहतात.